तारणारा कोण

काशीचं पत्र विष्णुपंतांनी पाच महिने शब्दकोशात घालून ठेवलं होतं. उल्हासनगरच्या निर्वासित छावणीतल्या शाळेत लागण्याआधी ते बदलापूरला मास्तर होते, तेव्हाची ही विद्यार्थिनी. तिनं लिहिलं होतं: ‘गेल्या पुरात माझ्या बापानं, कोंडाजीनं, होडीतून सात माणसं काढली. आठव्या खेपेला तोच बुडाला. नारळी पुनवेला त्याच्या आठवणीचा दगड बसणार. “सात माणसं तारली” असं कोरा म्हटलं, तर गावातले थोर म्हणतात, तारतो तो देव. माणसापुढं तो शब्द नको, “पुरात वारला” पुरे. मास्तर, खरं काय?’

विष्णुपंतांनी सात कोश उघडले. ‘तारणे’चा संस्कृत धातू ‘तृ’, म्हणजे पाणी ओलांडणं, हे पहिल्याच दिवशी सापडलं होतं. पण पोथ्यांत तारणारा देवच. आपण कोण सांगणारे?

“अहो, पुनव आठवड्यावर आली,” त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या. “दगड काय तुमच्या आठव्या कोशासाठी थांबणारे?”

रविवारी ते अंबरनाथच्या घरून बदलापूरला गेले. काशीला ‘मला ठाऊक नाही’ एवढं तरी तोंडावर सांगायचं, असं ठरवून. तिची वाडी नदीपलीकडे. काठावर कोंडाजीचा पुतण्या बाळा होडी धरून उभा होता.

“या मास्तर, बसा व्हडीत. काका गेला, आता पार नेनारा तारी मीच.”

विष्णुपंत बसले. होडी मधोमध आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “तारी कधीपासून म्हणतात तुम्हाला?”

“आज्याला म्हनत. त्याच्या आज्यालाबी. का, पोथीत नाय?”

“पोथीत तारणारा देव आहे.”

“मग आमच्याकडनंच शिकला आसंल,” बाळा वल्हं मारत म्हणाला. “त्याला कुठं व्हडी येते?”

विष्णुपंत हसले आणि त्याच्या वल्ह्याकडे पाहू लागले. सात कोशांनी जे सांगितलं होतं, तेच हा माणूस रोज करत होता. पैलतीरी नेणं हाच त्या शब्दाचा जन्म. देवाकडे तो मागाहून गेला.

“काशीला सांगतो,” ते उठू लागले.

“बसा, बुडवाल. बाईमानसाचं तोंडी कोन ऐकतंय? लिवून धाडा. टपालानं आलेला मास्तरचा कागद चावडीत वाचतील.”

पुनवेआधी कार्ड पोचायला हवं, म्हणून पलीकडे न उतरताच ते परत फिरले. स्टेशनच्या बाकावर त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं:

‘चि. काशीस आशीर्वाद. तारणे म्हणजे पाण्यातून पार नेणे. हा शब्द आधी होडीवाल्याचा, मग देवाचा. दगडावर “कोंडाजी तारी याने सात माणसे तारली” असेच कोरावे. कोणाची हरकत असल्यास मला चावडीत बोलवावे. मी येईन.’

एरवी त्यांच्या प्रत्येक उत्तरात असणारा ‘बहुधा’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. खाली त्यांनी पूर्ण नाव घातलं आणि कार्ड पेटीत टाकलं.