हॅमर बंद ठेवून

सासूबाईंना धरायला न्हाणीघरात दांडी बसवायची होती, पण सासरे भिंतीला हात लावू देईनात. "टाइल तडकली तर तशी दुसरी मिळायची नाही," हे त्यांचं तुणतुणं. शेवटी मी दुकानदाराचं डोकं खाऊन टाइलसाठी ड्रिलला लावायचं भाल्यासारख्या टोकाचं बिट आणलं, मागच्या विटेसाठी वेगळं. टाइलवर ड्रिलचा ठोके देणारा हॅमर बंद ठेवून, पाणी शिंपडत हळूहळू भोक पाडलं. साधा ओरखडाही उठला नाही. माझ्या जिवात जीव आला.

"आता तो आरसाही वर घे," सासूबाई म्हणाल्या. "यांनी फोडलेली टाइल झाकायला तो खाली लावलाय. पंधरा वर्षं वाकून केस विंचरतेय मी."

"माहीत होतं, तर आधी नाही का सांगायचं," म्हणत सासरे हुश्श करून स्टुलावर टेकले.