भाजीबाजारातला मी ओटा

मी ओटा बोलतोय. भाजीबाजारातला, कडुनिंबाकडून तिसरा. भंडारा जिल्ह्यात, तुमसरकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं शहर आहे. शहर म्हणायचं ते नगर परिषद आहे म्हणून, नाहीतर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पार आमच्या बाजारापर्यंत येऊन टेकलेल्या आहेत.

माझ्या पोटात वैनगंगेची रेती आणि भट्टीच्या विटा आहेत, डोक्यावर गुळगुळीत फरशी. दिसायला मी साधाच. पण माझ्यावरून नगराध्यक्षांची खुर्ची डुगडुगली होती, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ते नगराध्यक्ष म्हणजे वासुदेवराव. चौऱ्याहत्तर साली निवडून आले. आधी शाळामास्तर होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. आवाज मोठा, आणि समोरच्याला समजलं तरी पुन्हा समजावून सांगायची खोड. त्यांच्या कारकिर्दीत नळ आले, नाल्या बांधल्या गेल्या, स्टेशनच्या सडकेवर दिवे लागले. ही कामं भाषणात सांगायला शोभतात. माझ्यासारख्या ओट्यांचं काम मात्र त्यांना हट्टाने मंजूर करून घ्यावं लागलं.

त्याला कारण झाली बायजाबाई. जवळच्या खेड्यातली, तलावाच्या काठी भाजी पिकवणारी. पावसाळ्यात भाजीवाल्या बाया पोतं अंथरून चिखलातच बसायच्या. एका बाजाराच्या दिवशी गुरुजींनी पाहिलं, तर नालीचं पाणी हिच्या टोपलीत शिरलेलं, आणि ही एका गाईच्या तोंडातून सांबाराची जुडी ओढून काढते आहे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. गुरुजी तिथेच उभे राहून म्हणाले, "ह्या बाया वर बसल्या पाहिजेत."

नगर परिषदेच्या सभेत एका सदस्याने विचारलं, "बायांसाठी सिंहासनं बांधून राहिले का, गुरुजी?" सगळे हसले. पण ओटे मंजूर झाले, आणि पुढच्या हिवाळ्यात आम्ही रांगेने उभे राहिलो. हार झाले, नारळ फुटला, गुरुजींचं लांबलचक भाषण झालं. मला वाटलं, आता आपण कामाला लागलो.

कसचं काय! मंगळवारी बाजार भरला. बायजाबाई आली, तिने मला पदराने पुसलं, वांगी मांडली, भेदरं म्हणजे टोमॅटो मांडले, आणि स्वतः मला पाठ टेकून खाली मातीत बसली! साऱ्या बायांनी तेच केलं. भाजी सिंहासनावर आणि मालकीण मातीत. मी फार खट्टू झालो.

गुरुजींचा संताप झाला. त्यांनी दवंडी पिटवली, खाली बसणाऱ्या बाईला बाजारातून उठवलं जाईल. पुढच्या मंगळवारी एकही बाई बाजारात आली नाही. सगळ्या गावाबाहेर नाल्यापलीकडे बसल्या आणि गिऱ्हाईक त्यांच्यामागे गेलं. आम्ही ओटे मात्र उन्हात मोकळे पडलो. कापडवाल्यांनी लगेच अर्ज केला, ओटे रिकामेच आहेत, आम्हाला द्या. सभेत ठरलं असं, की पुढच्या बाजारात बाया वर बसल्या नाहीत तर ओटे कापडवाल्यांचे. म्हणजे बायांची जागा कायमची जाणार, आणि गुरुजींची शोभा होऊन खुर्ची डुगडुगणार ती वेगळीच.

दवंडी मागे घेऊन गुरुजी स्वतः नाल्यापलीकडे गेले आणि बायजाबाईला हात जोडून बाजारात घेऊन आले. माझ्याजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुह्यासाठीच बांधला हा ओटा. काहून बसत नाही वर?"

ती खाली मान घालून म्हणाली, "भासरे बाजारात येतेत जी. ते खाली उभे आन् मी वर बसू? घरात त्यायच्यासमोर मी कधी खाटेवर बसली नाही."

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या भागात भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, त्यांच्यासमोर उंच आसनावर बसत नाही, आणि ते तिच्याशी तोंडावर बोलतही नाहीत. कुणाचा सासरा, कुणाचा भासरा, अख्खं गावच बाजारात यायचं. सारा नकाशा काढला, पण ही गोष्ट गुरुजींच्या ध्यानातच आली नव्हती! ते तिथेच मटकन बसले, तेही खाली मातीत.

मग ते तिचे भासरे टिकाराम यांच्याकडे गेले. टिकाराम भारदस्त माणूस, बोलणं मोजकं. "मी तं सांगतो जी," ते म्हणाले, "पन तिच्याशी बोलू कसा? आजवर एक शब्द बोललो नाही."

मंगळवार उजाडला. कापडवाले गाठोडी बांधून पलीकडे उभेच होते. बायजाबाई नेहमीप्रमाणे माझ्या पायाशी बसलेली. टिकाराम आले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सारा बाजार वळून पाहू लागला.

टिकारामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं.

"अरे ओट्या, आयकून घे. आमच्या घरची लक्ष्मी तुह्यावर बसली तं मले राग येनार नाही. ते मातीत बसते ना, त्याची मले लाज वाटते."

बायजाबाईने पदराआडून माझ्याकडे पाहिलं. मग तीही मलाच म्हणाली, "ओटेबुवा, भासऱ्यायले सांगा, लोक नाव ठेवतीन."

"तिले सांग ओट्या, नाव ठेवनाऱ्याले मी पाहून घेतो."

ती उठली. दोन्ही हात माझ्यावर टेकून वर बसली. टिकाराम खाली उभे राहून म्हणाले, "ओट्या, वांगे कसे लावले रे?" तेव्हा कुठे बाजार हसला. संध्याकाळपर्यंत एकही ओटा रिकामा उरला नाही, आणि गाठोडी आली तशी परत गेली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पंच्याऐंशीच्या निवडणुकीत गुरुजी हरले. लोकांना नळाची, दिव्यांची सवय झाली होती. ते कुणी आणले, हे विसरून गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजी पिशवी घेऊन बाजारात आले. त्यांच्या मागेपुढे फिरणारं आता कुणी नव्हतं. रोज रामराम करणाऱ्यांनी मान वळवली. मला फार वाईट वाटलं.

पूर्वी गुरुजी आले की बायजाबाई चटकन खाली उतरायची. त्या दिवशी ती उतरली नाही. तिने टोपली बाजूला सरकवली, फरशी पदराने पुसली आणि म्हणाली, "या जी गुरुजी, वर या. बसा."

गुरुजी वर बसले. पाय खाली सोडून, तिच्या शेजारी. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधीच बसले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

आता माझ्यावर लाल रंगाची खूण झाली आहे. इथे दोन मजली दुकानं होणार म्हणे. फरशीला तडे गेलेत, एक कोपरा ढासळलाय, तेव्हा माझी तक्रार नाही. आम्हाला खुशाल पाडा. पण पाडणाऱ्यांनो, एवढं ऐका. नव्या नकाशात बायजाबाईची जागा आधी काढा, दुकानं मागाहून. तिला वर बसवायला फार दिवस लागले होते. खाली बसवायला एक सकाळ पुरेल.