गेर्त्येबाईंचं पातेलं

नव्या नियमाने सूयिन त्सांगची झोप उडवली होती. नगरपालिकेने फर्मावलं होतं की, जेवण घरी नेणाऱ्याला प्लास्टिकचा डबा दिला तर त्याचे वेगळे पैसे घ्या आणि कुणी स्वतःचं भांडं आणलं तर त्यात वाढून द्या. आयसेल नदीकाठच्या डच गावातलं तिचं चिनी हॉटेल शुक्रवारच्या पार्सलांवरच तग धरून होतं, आणि आता गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती. शेजारचा हार्मेन तर तोंडावर म्हणाला, "नासीभातासोबत डबाही विकत घ्यायचा? त्यापेक्षा बायकोने उकडलेले बटाटे बरे." सूयिनने दारावर पाटी लावली: क्षमस्व, नियम आमचा नाही.

त्याच संध्याकाळी म्हाताऱ्या गेर्त्येबाई निळं पातेलं घेऊन आल्या. सूयिनचा चेहरा उतरला. तिच्या लहानपणी अख्खं गाव अशीच पातेली घेऊन यायचं आणि शाळेतली पोरं तिला 'पातेलेवाली' म्हणून चिडवायची. नाव छापलेले डबे आले तेव्हा कुठे तिला आपलं हॉटेल चारचौघांसारखं वाटू लागलं होतं.

तिने मापासाठी नासी डब्यात भरली, पातेल्यात ओतली आणि डबा कचऱ्यात टाकला.

कोपऱ्यात शेंगा निवडत बसलेल्या तिच्या बाबांनी, क्वोक-हिंग यांनी, ते पाहिलं.

"पोरी, हा नियम पाळलास की त्याची थट्टा केलीस?"

"माप चुकलं असतं, बाबा. आणि ही पातेली... पुन्हा तेच दिवस नकोत मला."

"का? मी या गावात परका म्हणून आलो, तेव्हा लोकांनी घरच्या चुलीवरचं भांडं माझ्या हातात दिलं. भरवसा असल्याशिवाय देतं का कुणी?"

गेर्त्येबाई हसल्या. "हे माझ्या आईचं पातेलं. तुझे बाबा वर सातेची, भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांची, एक काडी जास्त ठेवायचे, मला वाटेत खायला."

सूयिनला चिडवणं तेवढं आठवत होतं; हा मान तिला कधी दिसलाच नव्हता! तिने डाव उचलला, पातेलं शिगोशीग भरलं, वर सातेची काडी ठेवली. मग दारावरची पाटी काढून नवी लावली: आपलं पातेलं आणा, हात सैल सोडून वाढू.

पुढच्या शुक्रवारी रांग पार पुलापर्यंत गेली. शेवटी हार्मेन, फडक्यात बांधलेलं पातेलं घेऊन.

"बटाट्यांचं काय झालं?" सूयिनने विचारलं.

"शिजवणार कशात? पातेलं तर इथे आणलं."

बाबांची मान ताठ झाली होती, आणि सूयिनचीही.

मंडळी, नियम नगरपालिका करते. त्याची रीत मात्र आपल्यालाच करावी लागते, आणि ती करताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.