सत्त्याण्णव, पास

मी आवाजमापक बोलतोय. बोलतोय तेही आज पहिल्यांदाच. एरवी कान टवकारायचे आणि पोटावरच्या काचेत आकडा दाखवायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका बंद, थंडगार खोलीत झाला. तिथं इतकी शांतता होती की मला जोडणाऱ्या बाईंच्या मनगटावरचं घड्याळही मला ऐकू येई. तिथून थेट आलो ते या शर्यतीच्या ट्रॅकवर. हौशी लोक इथं आपापल्या गाड्या पळवायला आणतात. पलीकडे वस्ती आहे. तिच्या तक्रारींमुळे नियम झाला: उभ्या गाडीचा आवाज शंभर डेसिबलच्या आत, पळत्या गाडीचा नव्वदच्या आत. वर गेला की गाडी बाहेर.

ज्याच्या हाती मी पडलो तो इथला तपासनीस. माणूस मोठा शिस्तीचा. रोज सकाळी माझ्या कानावर एक टोपी बसवतो. ती चौऱ्याण्णवचा सूर काढते, आणि माझा आकडा जुळला तरच कामाला लागतो. सायलेन्सरच्या तोंडाला अर्ध्या मीटरची काठी लावून मला बरोबर तेवढ्या अंतरावर उभं करतो. पूर्वी मला बंद केल्यावरही तो गाडीपाशी वाकून ऐकायचा. "हिच्या पोटात काहीतरी सैल झालंय," म्हणायचा, आणि ते खरं निघायचं. मला त्याचा हेवा वाटे.

पण वीस वर्षं कानात बोळे न घालता तो गाड्यांच्या मागे उभा राहिला आणि त्याचे कान गेले. आता माझ्या काचेत बघून वेळ मारून नेतो. आकडा हलला की कुणीतरी बोललं हे ओळखतो, ओठ बघतो, हसतो. नोकरी जाईल म्हणून त्यानं सख्ख्या बहिणीलाही हे सांगितलेलं नाही. या लपवाछपवीत मीही सामील आहे, याची मला लाज वाटते.

परवा त्याचा भाचा लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. एकशे सहा! मामानं नातं बाजूला ठेवलं आणि नापास केलं. आज तो परत आला. गाडी गुरगुरली ती तोंडात बोळा कोंबल्यासारखी. धूर बाहेर पडायला धडपडत होता, आत काहीतरी तापून चरचरत होतं. मला सगळं ऐकू आलं. काचेत मात्र एकच आकडा उमटला, सत्त्याण्णव.

"काय केलंस रे?" मामानं विचारलं.

"नवा सायलेन्सर टाकला, मामा."

शुद्ध थाप! पण मामाच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. त्यानं गाडीच्या समोरच्या काचेवर हिरवा कागद चिकटवला आणि वहीत लिहिलं, "सत्त्याण्णव, पास."

मग पळत्या गाडीचा आवाज मोजायला तो मला घेऊन ट्रॅकच्या कठड्याशी आला. भाच्याची आई आज मुद्दाम बघायला आली होती. कठड्याशी भावाच्या मागे उभी राहून तिनं घरचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"दादा, हे पोरगं काय करतं कळत नाही बाई. डझनभर तारेच्या घासण्या आणल्या, भांडी घासायला एक सापडेल तर शपथ! विचारलं तर म्हणतो, सायलेन्सरमध्ये भरल्या, आवाज कमी होतो. असं करतात का रे?"

माझा आकडा बासष्टवर गेला. तपासनीसानं माझ्याकडे पाहिलं आणि मागं न वळताच म्हणाला, "हो, हो."

दादा म्हणतोय म्हटल्यावर ती निर्धास्त झाली.

भाचा गाडी घेऊन ट्रॅकवर उतरला. पहिली फेरी अठ्ठ्याऐंशी. दुसरी त्र्याऐंशी. आकडा उतरतोय म्हणून तपासनीस खूश. "बघ, किती सभ्य झाली गाडी!" कसली सभ्य! तिचा गळा दाटत चालला होता. तापलेल्या तारा आत गोळा होऊन वाट बुजवत होत्या, आणि पेट्रोलची नळी तिथून चार बोटांवर. भीतीनं माझं सगळं अंग आक्रसून गेलं. आकडा तेवढा स्थिर होता.

तिसऱ्या फेरीला लांबच्या वळणावर भक्कन आवाज झाला. माझ्यापर्यंत पोचेतो जेमतेम सत्तर. तपासनीस खाली मान घालून वहीत त्र्याऐंशी लिहीत होता. बहिणीला ज्वाळा दिसल्या. ती माझ्या कानाशीच किंचाळली आणि कठड्याच्या कडेनं धावत सुटली.

एकशे चार.

त्यानं आकडा पाहिला. चेहरा पडला. "गेला मर्यादेबाहेर," असं पुटपुटत आता तो वहीत भाच्याच्या नावापुढे "नापास" लिहितोय.

कुणीतरी त्याचा खांदा धरून त्याला वळवा हो! माझ्याकडे बघू नकोस म्हणावं. तिकडे गाडी पेटलीय, पोरगं आत आहे, आणि हा माझ्या पुढच्या आकड्याची वाट बघतोय.