मसुद्याला नाव नसतं

"पुन्हा वाचा," मटार सोलता सोलता कमलिनीबाई म्हणाल्या.

बाळकृष्ण देवपुजारींनी चष्मा वर सरकवला आणि खुशीत पुन्हा वाचलं. "पैसे भरून खेळलेला, मुख्यतः नशिबावर ठरणारा आणि बक्षीस देणारा प्रत्येक खेळ जुगार समजला जाईल, मग तो कोणीही, कोणत्याही कारणासाठी चालवो."

राज्याच्या विधी खात्यात अडतीस वर्षं कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या या माणसाची ही जुनी खोड होती. ऑफिसातला प्रत्येक मसुदा ते घरी आणत, मराठी करून बायकोला वाचून दाखवत. तिला कळला तर कोणालाही कळेल, असा हिशेब. आणि बाईंना कळायचंही चटकन. कारखान्याच्या शाळेत गणित शिकवायच्या त्या. भोपाळच्या पिपलानी टाउनशिपमधलं कारखान्याचं हे क्वार्टरही त्यांच्याच नावावर होतं.

या एका वाक्यापायी अकरा वर्षं गेली होती. एका राज्यात जो गुन्हा, तोच शेजारच्या राज्यात राजरोस धंदा. भोपाळात आकड्यांची चिठ्ठी विकताना एखाद्याला पकडावं, तर तो खिशातून परराज्याचं तिकीट काढून दाखवायचा आणि हसत सुटायचा. पगाराच्या दिवशी टाउनशिपच्या बाजारात अर्धा पगार त्या तिकिटांत घालून घरी परतणारी माणसं दोघांनीही पाहिली होती. सहा राज्यांनी जुगाराची एकच व्याख्या मान्य करावी, म्हणून सोमवारी सगळीकडचे अधिकारी भोपाळात जमणार होते. आणि महिनाअखेरीला बाळकृष्णराव निवृत्त होणार होते. आता नाही तर कधीच नाही.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मग आपली हाऊजी?"

"हाऊजीचं काय?" ते हसले. मग हसू तिथंच थांबलं.

घ्या! महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांत-मेळाव्यातली हाऊजी एकोणीस वर्षं कमलिनीबाई भरवत होत्या. तिकीट पाच रुपये, बक्षिसं स्टीलच्या डब्यांची, उरलेल्या पैशांतून मंडळाच्या वाचनालयाला नवी पुस्तकं. आणि स्टेजवर उभं राहून आकडे कोण ओरडायचं? हेच, जुगाराची व्याख्या लिहिणारे विद्वान! एकोणीस वर्षांत त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"अरे देवा," त्यांनी कपाळाला हात लावला. लगेच पेन्सिल उचलून समासात लिहिलं, 'सामाजिक संस्थांचे मनोरंजन वगळून'.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "हे घातलंत तर सोमवारी काय होईल?"

काय होईल ते बाळकृष्णरावांइतकं कोणाला ठाऊक होतं? एक म्हणेल आमची जत्रा वगळा. दुसरा म्हणेल आमच्या घोड्यांच्या शर्यती. तिसरा स्वतःची लॉटरी पुढे करेल. मागच्या तिन्ही बैठका अशाच पाण्यात गेल्या होत्या.

"मग खोडा ते."

"अगं, वाचनालय तुझं आहे. एकेक पुस्तक तू आणलंयस."

"माझंच आहे ना? म्हणून तर मी सांगतेय. खोडा."

त्यांनी खोडलं. पण त्या दिवशी मटारची उसळ त्यांनी ताटात तशीच ठेवली.

सोमवारच्या बैठकीत सचिवसाहेब टेबलाशी बसले, बाळकृष्णराव मागच्या भिंतीपाशी, मांडीवर फायलींचा ढीग. अपेक्षेप्रमाणे अकराच्या सुमाराला पहिल्या पाहुण्यानं आपल्या जत्रेसाठी सूट मागितली. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्यानं. साहेबांनी मान वळवून मागे पाहिलं. बाळकृष्णरावांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

साहेबांनी ती जशीच्या तशी वाचली. "भाई, हम अपने लिए भी कोई छूट नहीं माँग रहे. हमारे यहाँ की हाऊजी भी इसमें आ गई है."

टेबलाभोवती हशा पिकला. पण त्या हशानंतर सूट मागायला कोणाची जीभ रेटेना. चारच्या चहापर्यंत सहाही राज्यांच्या सह्या झाल्या. साहेबांचं अभिनंदन झालं, फोटो निघाले. बाळकृष्णराव तेव्हा फायली बांधत होते.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "झालं. एक शब्दही बदलला नाही."

"आणि तुमचं नाव?"

"मसुद्याला नाव नसतं गं. सही साहेबांची असते."

बाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

रविवारी मंडळाचा हॉल तुडुंब भरला होता. तिळगूळ वाटून झाला. बाळकृष्णराव आकड्यांची थैली घेऊन स्टेजवर चढले, तोच कमलिनीबाईंनी माईक हातात घेतला.

"यंदा हाऊजीचं तिकीट फुकट. बक्षिसं माझ्याकडून. पुस्तकांसाठी ज्याला द्यायचं त्यानं वर्गणी द्यावी, खेळासाठी नाही."

एकच गलका उठला.

"काकू, फ्रीमध्ये काय मजा!" पुढच्या रांगेतली अलका ओरडली.

"वर्गणी कोण देतंय कमलिनीबाई?" मंडळाच्या खजिनदार शोभाताई कळवळून म्हणाल्या. "यंदा एक पुस्तक यायचं नाही बघा!"

"नाही आलं तर जुनी पुन्हा वाचू. पैसे भरायचे, नशिबावर खेळायचं आणि बक्षीस न्यायचं, याला आता सहा राज्यांत जुगार म्हणायचं ठरलंय."

"अहो, पण कायदा अजून झालाय कुठे?" मागून एक गृहस्थ म्हणाले.

"व्हायचाय. विधानसभेत होईल तेव्हा होईल." बाईंचा आवाज खणखणीत झाला. "पण ते वाक्य लिहिलंय बाळकृष्ण विठ्ठल देवपुजारी यांनी. अकरा वर्षं लिहिलंय. त्यांच्या घरात ते आजपासून लागू."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. दोघांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर 'हे' आणि 'आमच्याकडचे' यांपलीकडे बाईंच्या तोंडून नवऱ्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं; आणि उखाण्यातही असं वडिलांच्या नावासकट, आडनावासकट कधीच नाही. बाळकृष्णरावांना अभिमानानं छाती फुटेल असं वाटलं. अडतीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं त्यांना.

"चला, काढा आकडा," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

त्यांनी थैलीत हात घातला, गोटी काढली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा पुसून, मग डोळे पुसून पुन्हा पाहिली. आकडा काही केल्या दिसेना. शेवटी शोभाताई स्टेजवर आल्या आणि त्यांनीच तो वाचला.