भावोजींच्या नावावरच्या जाहिराती

ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, आपल्या मेहुण्याचं नाव ‘जमीनदार’ ठेवलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मेहुण्याने नुकताच नावांचा धंदा सुरू केला होता. इंटरनेटवरचे पत्ते स्वस्तात विकत घ्यायचे आणि त्यांवर काहीही न बांधता ते नुसते पडू द्यायचे. कुणी चुकून तिथे येतं, समोर जाहिरातींची यादी दिसते, एखादीवर क्लिक केलं की पत्त्याच्या मालकाला चार पैसे सुटतात. ‘म्हणजे प्लॉट घ्यायचा, झाड लावायचं नाही, भिंत बांधायची नाही, आणि वाट चुकलेल्यांवर कमवायचं,’ भावोजी म्हणाले होते. ‘जमीनदारच की रे तू!’ सगळे हसले, तोही हसला. हसायला काय जात होतं? त्याची सहाशे नावं तेव्हा त्याला झोपेतसुद्धा कमावून देत होती.

भावोजींचं तसं नव्हतं. श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचं त्यांचं दोन खोल्यांचं दुकान. पुढच्या खोलीत भिंग लावलेला दिवा, चिमटे आणि भावोजी. मागच्या खोलीत ताई, गिऱ्हाइकांच्या कानात बसणारे साचे बारीक कानशीने घासत. दुकानाला इंटरनेटवरचा पत्ता घेऊन दिला तो जमीनदारानेच, आणि सांभाळतही तोच होता, आपल्या सहाशे नावांच्याच खात्यात. घरच्या माणसासाठी वेगळं खातं कोण काढत बसतो!

मग जमीनदारी बसली. आधी लोकांनी आपापल्या मशिनवर ॲड-ब्लॉकर बसवून घेतले. जाहिराती दिसूच न देणारी ही सोय. वाट चुकलेला माणूस यायचा, त्याला कोरं पान दिसायचं, तो निघून जायचा. त्यातच मंदी आली. मंदीत कंपन्या सगळ्यात आधी जाहिरातींवर हात आखडता घेतात. एका क्लिकचा दर तिसऱ्या हिश्श्यावर आला. खोटं कशाला बोला, ताईच्या घरी आणि दुकानात ॲड-ब्लॉकर त्याने स्वतःच्या हाताने बसवून दिला होता. या धंद्यातले सगळेच तसं करतात. आपण काय विकतो हे ठाऊक असलेला माणूस ते घरच्यांना वाढत नाही.

खर्च कमी करायला तो नावं सोडू लागला. एका दुपारी त्याने चाळीस नावांवर धडाधड खुणा केल्या, यांचे पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे नाहीत असं ठरवलं, आणि यादी नीट न वाचताच बटण दाबलं. त्यात भावोजींचंही नाव गेलं. दुकानाचं पान बंद पडलं. भावोजींनी फोन केला तेव्हा ‘बघतो’ म्हणाला आणि विसरला. पुढचं तर आणखी भारी. कुणी सोडून दिलेल्या नावावर अजूनही माणसं येत असतील तर ते आपोआप उचलायचं, असा एक प्रोग्रॅम त्याने कधीकाळी लिहून ठेवला होता. त्या इमानी प्रोग्रॅमने दोन महिन्यांनी भावोजींचं नाव हेरलं, उचलून मालकाच्या पायाशी आणलं आणि त्यावर जाहिराती लावल्या.

हे त्याला कळलं ते महिन्याच्या अहवालात. सगळी नावं घसरत असताना एक नाव पहिल्या ओळीत जाऊन बसलं होतं. कारण समजायला त्याला अर्धं मिनिट पुरलं. भावोजींची गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची. त्यांच्याकडे कसला ॲड-ब्लॉकर! आणि मंदी आली म्हणून कुणाचे कान बरे होत नाहीत, त्यामुळे श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपन्या अजूनही चांगला दर देत होत्या. म्हातारी माणसं भावोजींना शोधत यायची आणि समोर जे दिसेल त्यावर विश्वासाने बोट ठेवायची.

नाव परत करणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याने ते उद्यावर टाकलं. उद्या घराचा हप्ता होता, म्हणून परवावर. असे पाच महिने गेले.

त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, आणि चांगली पोटभर वाटत होती. ‘अरे, आपलं पान कोरंच दिसतंय,’ असं भावोजी म्हणाले तेव्हा ‘कंपनीकडे काम चाललंय’ असं सांगून त्याने वेळ मारून नेली. ताई म्हणायची, ‘गिऱ्हाईक तुटलं रे. मंदीच आहे, सगळ्यांचंच तसं.’ ‘हो ना, मंदीच,’ तो म्हणायचा. एकदा त्याने दुकानाचं महिन्याचं भाडं भरलं. ताईचे डोळे भरून आले. ‘तुझंच एवढं अडलेलं असताना!’ ती म्हणाली, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी भावोजींनी दुकान बंद करायचं ठरवलं. एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभं राहून नवी यंत्रं विकायची नोकरी मिळत होती. ‘दुरुस्ती नाही, नुसती विक्री,’ त्यांनी सांगितलं, घरात कुणी आजारी असल्याचं सांगावं तसं. शनिवारी सकाळी सामान बांधायला त्यांनी जमीनदाराला बोलावलं. आज सांगायचंच, असं त्याने रस्ताभर घोकलं. नाव परत मिळालं तर गिऱ्हाईकही परत येईल, दुकान वाचेल. सोमवारी जागामालकाच्या हातात किल्ली पडल्यावर सांगून काय उपयोग?

भावोजी साच्यांच्या डब्या खोक्यात रचत होते. प्रत्येक डबीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर, ताईच्या अक्षरात. मागून कानशीचा आवाज येत होता. राहिलेलं शेवटचं काम ताई उरकत होती.

‘भावोजी, एक बोलायचं होतं.’

‘बोल की. आधी ती चिकटपट्टी दे इकडे.’

त्याने चिकटपट्टी दिली, आणि तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, भावोजींच्या जुन्या गिऱ्हाईक. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी काउंटरवर एक नवंकोरं श्रवणयंत्र आपटलं.

‘हे काय गळ्यात मारलंत माझ्या? नुसत्या शिट्ट्या घालतंय!’

भावोजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. ‘बाई, हे आमचं नाही.’ मग मोठ्याने, ‘आमचं नाही हे!’

‘नाही कसं? तुमच्याच पानावरून मागवलं.’

बाईंनी पिशवीतून टॅबलेट काढला, दुकानाचा पत्ता एकेक अक्षर दाबून टाकला आणि भावोजींच्या नाकासमोर धरला. जाहिरातीच जाहिराती. आज निम्म्या किमतीत, आज घरपोच, आजच मागवा. भावोजी बघतच राहिले. मग त्यांनी काउंटरवरच्या आपल्या कॉम्प्युटरवर तोच पत्ता टाकला. पान कोरं.

‘हा काय प्रकार आहे? जमीनदार, बघ रे. कुणीतरी आपलं नाव पळवलंय. तुला यातलं कळतं, तू बरोबर शोधून काढशील.’

संशयाचा लवलेश नव्हता त्यांच्या आवाजात. एवढं बोलून त्यांनी बांधून ठेवलेलं एक खोकं फोडलं, चिमटा आणि बारका स्क्रूड्रायव्हर काढला, दिवा पुढे ओढला. ‘बसा बाई,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘नाव आमचं होतं ना, मग हे नीट करून देणं आमच्याकडे लागलं. पैसे नकोत.’

धरणीने पोटात घेतलं असतं तर जमीनदार आनंदाने गेला असता.

‘भावोजी, तो मीच आहे,’ तो हळू म्हणाला. ‘नाव माझ्याकडे आहे. माझ्याच हातून सुटलं आणि फिरून माझ्याकडेच आलं. मग कळूनसुद्धा मी ठेवून घेतलं. पाच महिने झाले. दुकानाचं भाडं भरलं तेही त्यातूनच.’

स्क्रूड्रायव्हर थांबला. भावोजी ओरडले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

‘काय म्हणतोय तो?’ बाईंनी विचारलं.

‘तूच सांग त्यांना,’ भावोजी म्हणाले. ‘त्यांचा डावा कान बरा आहे. त्या बाजूला जा आणि मोठ्याने बोल.’

तो डाव्या बाजूला जाऊन वाकला. ‘बाई, ते पान माझं आहे!’

‘कुणाचं?’

‘माझं! नाव यांचं, जाहिराती मी लावल्या!’

‘तू? आणि कशाला रे?’

वर्गात उभं केल्यासारखे त्याचे कान तापले. ‘पैशासाठी!’ तो ओरडला.

मागच्या खोलीतली कानस थांबली. ताई अर्धवट घासलेला साचा हातात घेऊन दारात आली. त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं, तिने मात्र त्याच्यावरची नजर हलवली नाही.

‘आधी नाव परत कर,’ भावोजी म्हणाले.

त्याने दुकानाच्याच कॉम्प्युटरवर बसून ते केलं. खरंच दोन मिनिटं लागली.

‘बाईंसारखे आणखी किती जण?’ ताईने विचारलं.

‘आठशेच्या वर क्लिक आहेत. माणसं किती ते कळत नाही, ताई. तिथे नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात.’

‘नावं माझ्याकडे आहेत.’

तिने खोक्यातल्या डब्या बाहेर काढल्या, काउंटरवर त्याच्यासमोर एकेक करून मांडल्या. जागा संपली तेव्हा खुर्चीवर मांडल्या. मग दुकानाचा फोन त्याच्या हाताशी सरकवला.

‘प्रत्येकाला फोन कर. तू कोण, काय केलंस, सगळं सांग. त्या पानावरून काही घेतलं असेल तर घेऊन या म्हणावं. सोमवारी दुकान उघडं असणार आहे.’

भावोजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चिकटपट्टी खणात टाकली आणि पुन्हा बाईंच्या यंत्रात डोकं घातलं.

पहिली डबी एका आजोबांची होती. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली, मग फोन उचलला गेला. जमीनदाराने आपण कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं, मधलं काहीही न गाळता. बोलून झाल्यावर तो थांबला. ताई, भावोजी आणि बाई तिघंही ऐकत होते.

‘काही कळलं नाही हो,’ आजोबा म्हणाले. ‘जरा मोठ्याने, पहिल्यापासून सांगता का?’