इकडचं तिकडचं

त्या लग्नातून सुभाषला कमवायचं होतं ते एवढंच, की शिवाजीरावांनी आपल्याला ओळखावं.

शिवाजीराव धारचे. दरबार कधीच गेला, ताठा तेवढा घरात राहिला. मुलगा राजवीर पेट्रोलपंप बघायचा. मुलगी बडोद्याला मावशीकडे शिकते, असं सांगत. सुभाष देवासचा, म्हणजे कऱ्हाडहून कारखान्यात आलेला आणि सुपरवायझर होऊन तिथेच रुजलेला. त्याची लेक किमया लग्नाची झाली होती. मध्यस्थानं बजावलं होतं, "कुळी जुळते. पण चारचौघांत बोलून माणूस पारखल्याशिवाय ते हो म्हणत नाहीत."

मांडवात शेजारची खुर्ची मिळाली, तिथवर ठीक होतं.

"रस्ता कसा लागला?" शिवाजीरावांनी विचारलं.

"रस्ता कुठला साहेब, एका खड्ड्यातून निघालो, दुसऱ्यात पोचलो."

दोन हजार दोन साली माळव्यात एवढ्यावर पाच मिनिटं सहज निघत. मग वीज कधी जाते ते झालं. मग थंडी. तिन्ही विषय संपले आणि दोघं सनईवाल्याकडे बघत बसले. पलीकडे इंदूरच्या मानसिंगरावांनी खुर्ची पुढे सरकवली. मुलगी त्यांनाही होतीच.

मग सुभाषनं घरातला भाडेकरू खर्ची घातला.

"आमच्या वरच्या खोलीत एक जोडपं आहे. दसऱ्याला त्या पोरीनं काय करावं? घरात तलवार नाही, म्हणून विळी पाटावर मांडली आणि शस्त्रपूजा! मी म्हटलं, लता, आज काय दुधीवर स्वारी?"

मानसिंगराव खो खो हसले. शिवाजीराव हसले नाहीत, पण खुर्चीसकट वळले. तेवढ्यानं सुभाषला चेव चढला.

"खाली हिरवा खण, पात्याला कुंकू, आणि वर चक्क ज्वारीची भाकरी. विचारलं तर म्हणते, आमच्याकडे आधी हत्यार जेवतं, मग माणसं."

"असं." शिवाजीरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "नवरा?"

"विपुल. वायरमन आहे. आडनाव विचारलं की नुसता हसतो, भिया." नाक्यावरच्या मित्राला म्हणावं तसं भिया तोंडातून गेलं आणि सुभाषनं जीभ चावली.

शिवाजीराव पहिल्यांदाच हसले. "चालायचंच. सुभाषराव, पंक्तीला माझ्याशेजारी बसा. आणि घर कुठे म्हणालात?"

सुभाषनं पाण्याची टाकी सांगितली, गल्ली सांगितली. जिना बाहेरून आहे, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बायको, कल्पना, हळूच म्हणाली, "बायकांत कुजबुज होती. बडोद्याला मावशीबिवशी कुणी नाही त्यांची. पोरगी पळून गेलीय. विद्युल्लता नाव. तुम्ही एवढं काय बोलत होतात?"

सुभाषला विळी दिसली, भाकरी दिसली.

"काही नाही गं. इकडचं तिकडचं."

घरी पोचले तेव्हा लता जिन्यावर मेथी निवडत होती. "कसं झालं लग्न, काका?" तिनं विचारलं. सावध राहा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सुभाषनं मनात वजन केलं: शंका खरी असेल तर स्थळ जाईल, खोटी असेल तर हसं होईल.

"छान झालं," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी भरदुपारी जीप आली. पुरुष कामावर होते. दोन बायकांच्या मधून लता जिना उतरली; अंगणात उभ्या किमयाकडे तिनं एकदाच पाहिलं. विपुल शिफ्ट टाकून धारला धावला. त्याचं प्रेत सापडलं धारपासून लांब, धामनोदच्या पुढे, हायवेच्या कडेला. पोलिसांनी ट्रक लिहिला. कुठला, ते लिहिलं नाही.

पंधरवड्यानं धारहून नारळ आला. राजवीरसाठी किमया पसंत.

"बाबा, त्या घरात मला घालू नका," किमया म्हणाली. कल्पना नवऱ्याकडे बघत राहिली. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण सुभाषच्याच तोंडून निघालेलं. शिवाय जीपवाल्यांना जिना ठाऊक झाला होता.

वैशाखात लग्न झालं. शिवाजीरावांनी व्याह्यांना शेजारी बसवून घेतलं आणि रस्त्याची चौकशी केली.

शिवाजीरावांचं काहीच गेलं नाही. लेक कोंडली गेली, सून आली. सुभाषला हवी ती ओळख मिळाली. विपुलचा जीव गेला, लताचा विपुल गेला. बाकी राहिलं ते किमया त्या घरात रोज फेडते आहे.